फरशी पुसू नकोस

पाथर्डी फाटा, नाशिक
१२ जून २०२४

आईस,

पत्र बघून तुला आनंद होईल, म्हणून आधीच सांगते, होऊ देऊ नकोस. तुला माफ केलंय म्हणून लिहीत नाहीये. अण्णांना, माझ्या बापाला, तू कसं मारलंस ते मी कोर्टात उभी राहून ऐकलंय. त्यानंतरची तीन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

काम पडलंय म्हणून लिहिते. गेल्या वर्षी फुलामावशीने माझं लग्न लावून दिलं, ते तिने तुला कळवलं असेलच. महेश अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, भाड्याचा, पण हवेशीर. सासू-सासरे गावाकडे असतात. माझं छान चाललंय.

रविवारी मटण आणलं होतं. पिशवी फाटली आणि रक्त गादीवर सांडलं. गरम पाण्याने घासलं, पावडर लावली, दोन दिवस पंखा सोडला, तरी लोखंडासारखा वास येतोच. महेशला घरात वास आलेला अजिबात सहन होत नाही. तुझ्या घरात कधी कसला वास आलेला मला आठवत नाही. दिंडोरीच्या वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, सुलाबाईच्या घरात पाय टाकला की देवळात आल्यासारखं वाटतं. ते तू कसं करायचीस, तेवढं सांग. बाकी काही लिहू नकोस.

उत्तर समोरच्या रोशनबींच्या पत्त्यावर पाठव. आमची खालची पत्रपेटी मोडलीय.

निकिता


महिला बरॅक
२४ जून २०२४

माझी निकी,

आनंद होऊ द्यायचा नाही म्हणालीस, ते जमलं नाही. पत्र वाचून दाखवणारी ताई म्हणाली, सुलाबाई, कोण वारलं? इतकी रडत होते. मग तिच्याकडून पत्र घेतलं आणि परत स्वतः वाचलं. इथल्या वर्गात बसून माझं वाचन सुधारलंय आणि अक्षरही, बघ.

आता गादी. गरम पाणी घातलंस तिथेच चुकलीस, वेडे. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि कापसात बसतं. थंड पाणी आणि मूठभर मीठ. घासायचं नाही, फडकं दाबून टिपायचं. मग खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेव, सकाळी झाडून काढ आणि गादी गच्चीवर उन्हात उभी कर. आडवी नाही, उभी. परत आणलीस की खोळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि भीमसेनी कापूर घाल.

धूप संध्याकाळी. करवंटीचे निखारे, त्यावर ऊद, चिमूटभर ओवा आणि लसणाची सालं. खिडक्या दहा मिनिटं बंद, मग सगळ्या उघड. वाटीभर पाण्यात सोनचाफ्याची दोन फुलं दाराजवळ ठेव. येणाऱ्याच्या नाकाला आधी ती लागली पाहिजेत.

मला इथे फिनाईल बनवायच्या कामाला घातलंय. जन्मठेप झाली तरी हे काही माझी पाठ सोडत नाही. बाकी काही लिहू नको म्हणालीस, म्हणून नाही लिहीत. जेवतेस ना नीट?

आई


पाथर्डी फाटा
९ ऑगस्ट २०२४

आईस,

गादीचा वास गेला. मीठ, सोडा, सगळं बरोबर निघालं. महेश घरात आला, दारात थांबला, वास घेतला आणि हसला. म्हणाला, आता कसं घरासारखं वाटतंय. त्या दिवशी मला साडी आणली.

मेडिकलमधली नोकरी सोडली. घर सांभाळायचं म्हटलं तर वेळ पुरत नाही. फोनही महेशजवळच असतो, त्यामुळे पत्रच बरं पडतं.

आता एकच विचारायचंय. स्वयंपाकघरात जळक्या केसांचा वास बसलाय. केस सरळ करायचं मशीन जास्त तापलं आणि एका बाजूचे केस जळले. उरलेले कापून टाकले, छोटे बरेच वाटतात. पण वास भिंतीला चिकटल्यासारखा झालाय. तीन दिवस ऊद जाळतेय. त्याच्या खालून तोच वास वर येतो. काय करू? महिनाअखेरच्या शुक्रवारी महेशचे साहेब जेवायला येणार आहेत.

निकिता


महिला बरॅक
२० ऑगस्ट २०२४

निकिता,

दार लावून घे, खाली बस आणि मग हे वाच.

मटणाची पिशवी गादीवर कोण ठेवतं? केस सरळ करायचं मशीन कुणी स्वयंपाकघरात लावतं का? पहिल्या पत्रालाच मला कळायला हवं होतं. तुझं अक्षर बघून मी इतकी हरखले, की मीठ आणि सोडा सांगत बसले. माझ्या हाताला लकवा भरला असता तर बरं झालं असतं.

जळक्या केसांचा वास कसा घालवायचा ते मला माहीत आहे. तू सात वर्षांची होतीस. तुझ्या अण्णांनी माझी वेणी धरून तोंड चुलीवर दाबलं होतं. भाजीत मीठ कमी होतं एवढंच. वेणी पेटली. मग मला सोडून दिलं, स्वतःच पाणी ओतलं आणि म्हणाले, "सुले, वास घालव. लोकं येतील." मी निखारे काढले आणि ऊद टाकला. अर्ध्या तासाने शेजारची चहापत्ती मागायला आली आणि म्हणाली, "काय सुगंध सुटलाय गं तुझ्या घरात!" मी डोक्यावर पदर घेऊन हसले.

तुला इगतपुरीला फुलाकडे शिकायला का पाठवलं, असं तू दर सुट्टीत विचारायचीस. शाळा चांगली आहे, असं मी सांगायचे. शाळा तर दिंडोरीतही होती. तू घरी यायचीस तेव्हा अण्णा आठ दिवस हात उगारत नव्हते. तुला खांद्यावर बसवायचे, द्राक्षं भरवायचे. तेही खरंच होतं, मी ते खोटं म्हणत नाही. पण तुझी एसटी सुटली की परत फवारणीची पितळी नळी घेऊन माझ्यामागे. माझी बरगडी दोनदा मोडली. एक कान गेला. डाव्या कुशीवर झोपले की मला काही ऐकू येत नाही, ते तुला तरी कुठे माहीत आहे!

जितकं मारलं तितकी मी घासत गेले. रक्ताला मीठ, ओकारीला सोडा, दारूला लिंबू, जळक्याला ओवा. वीस वर्षं. मला वाटायचं मी घर वाचवतेय.

शुक्रवारी साहेब जेवायला येणार आहेत ना? तसाच राहू दे तो वास. ऊद लावू नकोस, खिडकी उघडू नकोस. आणि पुन्हा तो हात उगारेल तेव्हा, निकी, फरशी पुसू नकोस. दार उघड आणि तशीच बस.

आई


पाथर्डी फाटा
२ सप्टेंबर २०२४

आई,

तुझं पत्र जाळलं. त्याचाही वास झाला आणि तो घालवायला मला तासभर लागला.

तू काय बोलतेस ते तुला तरी कळतं का? अण्णांना मारून तुझं भागलं नाही, आता त्यांचं नावही मातीत घालायचंय? दिवाळीत ते मला न्यायला यायचे तेव्हा वाटेत माझ्यासाठी गाडी थांबवून मक्याची कणसं घ्यायचे. तो माणूस वेणी पेटवतो? मग मला काहीच कसं दिसलं नाही? मी कोर्टात शपथेवर सांगितलं की आमच्या घरात भांडण नव्हतं, घर नेहमी प्रसन्न असायचं. मी खोटं बोलले का?

महेश चिडतो, हे मान्य आहे. कंपनीत त्याला फार ताण असतो. आणि त्याने गॅसवर डोकं दाबलं नव्हतं, फक्त केस धरले होते, मीच मागे सरकले. नंतर तो माझ्या पायाशी बसून रडला. तुझ्यासारखं प्रत्येक गोष्टीत वाईट बघायची मला सवय नाही. शुक्रवारचं जेवण चांगलं झालं. साहेबांच्या मिसेसनी विचारलं, तुम्ही कुठला रूम फ्रेशनर वापरता?

आता लिहू नकोस.

निकिता


महिला बरॅक
१५ सप्टेंबर २०२४

निकी,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. हे पत्रही जाळ, पण वाचून जाळ.

तू कोर्टात खोटं बोलली नाहीस. तुला जो वास आला तोच तू सांगितलास. शेजारणी आल्या, त्याही खोटं बोलल्या नाहीत. घर कसं होतं? देवळासारखं. आरडाओरडा? कधी नाही. सुलाबाईच्या अंगावर वळ? पदर डोक्यावरून असायचा साहेब. माझा वकील एकेकीला विचारत होता आणि एकेकीच्या उत्तराने माझं दार बंद होत होतं. सरकारी वकील म्हणाला, जिथे रोज मारहाण होते ते घर असं सुगंधी असतं का?  

त्या दिवशी काय झालं ते तू कोर्टात ऐकलंस, पण ते सरकारी वकिलाच्या तोंडून. आता माझ्याकडून ऐक. संध्याकाळी मी धूप घालत होते. अण्णा फवारणीहून आले, अंगाला गंधकाचा वास आणि तोंडाला दारूचा. म्हणाले, "हे कशाला लावलं? आज तर मी मारलं पन नाय." आणि हसले. मग माझा हात धरला आणि धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर दाबला. "आता मारलं. आता लाव." माझ्या हाताचा वास मलाच आला.

धुपाटणं पितळेचं होतं, माझ्या आईने दिलेलं, चांगलं तीन किलोचं. दुसऱ्या हाताने उचललं आणि कानशिलावर घातलं. ते खाली बसले. पुन्हा घातलं, आडवे झाले. तिसऱ्यांदा का मारलं, असं सरकारी वकिलाने विचारलं होतं.  त्याचं उत्तर तुला देते. ते उठतील अशी भीती वाटली, गं. एवढंच.

आणि मग मी काय केलं? फडकं भिजवलं. थंड पाणी आणि मीठ. रक्त टिपलं, फरशी तीनदा पुसली, निखारे गोळा केले, ऊद टाकला आणि मगच फुलाला फोन केला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालले. भाजलेल्या हाताचं पोलिसांनी विचारलं तेव्हाही तोंडातून आपोआप निघालं, धूप घालताना भाजला. न्यायाधीश म्हणाले, बाईने थंड डोक्याने पुरावा नष्ट केला.

मी थंड डोक्याची नव्हते, निकी. मला दुसरं काही येतच नव्हतं.

तुला धुपाटणं उचलावं लागू नये, एवढंच माझं मागणं आहे. मारून मोकळी झाले असं वाटतं का तुला? दार उघड. बाकी काही करू नकोस.

आई


महिला बरॅक
३० नोव्हेंबर २०२४

निकी,

अडीच महिने झाले. फुलाला विचारलं, ती म्हणते, लेक फोन उचलत नाही, जावई उचलतो आणि ती झोपलीय म्हणून सांगतो. दुपारी बाराला, सकाळी दहाला, कधीही केला तरी तू झोपलेलीच.

रागाने का होईना, एक ओळ लिही. शिव्या दे. कोरा कागद पाठव. मी बाटल्यांत फिनाईल भरते आणि भीती वाटते, की यातलीच एखादी बाटली तुझ्या घरी जाईल आणि कुणीतरी तिने तुझं रक्त पुसेल.

आई


इगतपुरी
१८ डिसेंबर २०२४

आई,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. फुलामावशीकडे आहे. जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

दर वेळी तुझ्या पत्राची आठवण यायची आणि दर वेळी मी बादली भरायचे. तीन तारखेला महेश पहिली पाळी करून साडेतीनला आला. मी डाळीला फोडणी देत होते. बेडरूमपर्यंत लसणाचा वास गेला म्हणाला. माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, दोनदा. समोरचा दात तुटून डाळीत पडला. मनगट पिरगाळलं तेव्हा आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. मी ओकले. त्याने मोरीतून फिनाईलची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "मी सिगरेट घेऊन येतो. तोवर साफ पाहिजे."

तो गेला आणि मी उठले. आई, मी खरंच बादली भरली. एका हाताने. फडकं बुडवलं, त्यात मीठ टाकलं. थंड पाणी आहे ना, हे बोट घालून बघितलं. आणि तेव्हा मला दिसलं की मी तूच आहे. अण्णांना मारलंस तेव्हाची नव्हे, त्याच्या आधी वीस वर्षं पुसणारी.

बादली मोरीत ओतली. दार उघडलं आणि उंबऱ्यात बसले. आत डाळ करपत होती. ती बंद करायला उठायचं त्राण नव्हतं आणि खरं सांगू, मनही नव्हतं.

पहिल्या आल्या रोशनबी. समोरच शिवणाची मशीन चालवतात, साठीच्या आहेत. "या अल्ला, काय जाळलं गं बेटी..." म्हणत नाकाला ओढणी लावून आल्या आणि माझं तोंड बघून ओढणी सुटली. मग खालचे सुनीलभाऊ तक्रार करायला आले, "अहो ताई, जिन्यात उभं राहवत नाही." तेही तिथेच थांबले. एकेक करून सहा जण झाले. नाक धरून भांडायला आलेला एकही माणूस परत गेला नाही. एक बाई बिचारी फडकं घेऊन आत निघाली. मी ओरडले, पुसू नका! तोंडातून नीट शब्द निघत नव्हते, पण रोशनबींना समजलं. त्यांनी फडकं हिसकावलं. "हात नको लावू. जसं आहे तसं राहू दे. पुलिस बघू दे."

महेश वर आला. त्याला फक्त उघडं दार दिसलं. "दार कुणी उघडलं? घाण जगाला दाखवतेस?" म्हणाला आणि बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. तिसरी घालायच्या आधी सुनीलभाऊंनी त्याला भिंतीवर दाबलं आणि रोशनबींनी त्याच्या थोबाडीत दिली. तो मला म्हणत होता, "सांग ना त्यांना, तू पडलीस." मी उंबऱ्यातून हलले नाही. सांगायची गरजच नव्हती.

पोलीस बाईंनी रुमाल नाकाला लावून पंचनामा लिहिला. गादी उलटी करून बघितली. खालच्या बाजूला तो जुना तांबूस डाग तसाच होता. तुझ्या मिठाने फक्त वरून गेला होता.

मावशीला सगळं विचारलं. ती खूप वेळ रडली आणि म्हणाली, "मला म्हायती होतं. सुलीनं शपथ घातली व्हती." मी तुला काय म्हणू तेच कळत नाही. तुझ्या लेकीनेच तुला आत पाठवलंय.

निकिता


नाशिक
२३ जानेवारी २०२६

प्रिय आई,

काल कोर्टात माझी उलटतपासणी झाली. मुलाखतीच्या वेळी जाळीपलीकडून तू सांगितलंस तसं पाणी पिऊन गेले होते.

महेशचा वकील हुशार आहे. पंचनामाच वाचून दाखवला. स्वयंपाकघरात करपल्याचा उग्र वास, फरशीवर ओकारी, ओट्यावर अन्न सांडलेलं. मग चष्मा काढून मला म्हणाला, "बाई, नोकरी करून दमून आलेल्या नवऱ्याला असं घर मिळालं, तर त्याचा तोल जाणार नाही का? घर इतकं गलिच्छ ठेवायची सवय तुम्हाला आधीपासूनची का?" मागे कुणीतरी हसलं. आई, तुझं घर सुगंधी होतं म्हणून अण्णांनी मारलंच नव्हतं, आणि माझं घाण होतं म्हणून महेशने मारलं ते बरोबर. मग बाईने घर ठेवायचं तरी कसं?

मी म्हणाले, "दीड वर्ष मी रोज पुसत होते. त्या दिवशी फक्त पुसलं नाही."

मग रोशनबी उभ्या राहिल्या. वकिलाने त्यांनाही तेच विचारलं, की हे घर नेहमी असंच असायचं का. त्या म्हणाल्या, "नाही साहेब. दीड साल त्या घरातून इतका चांगला वास यायचा, की मी कधी दार वाजवलंच नाही. कधी कधी भिंतीला काही आदळल्याचा आवाज यायचा. मी म्हणायची, ज्या घरातून असा ऊद येतो तिथे काय वाईट होणार? त्याचा गुनाह माझ्या डोक्यावर आहे. घाण आली त्या दिवशी गेले." वकील खाली बसला. 

मॅजिस्ट्रेट मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? माझ्या वकीलबाई मानेने नको म्हणत होत्या. मी म्हणाले, "हो. दिंडोरीजवळ माझ्या आईचं घर होतं. फार स्वच्छ, फार सुगंधी. मी शपथेवर तसं सांगितलं होतं आणि त्यावर तिला जन्मठेप झाली. तो सुगंध कशाचा होता ते मला आता कळलंय. तेही लिहून घ्या."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. हळूच म्हणाल्या, "त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही."

मी विचारलं, "मग ते कुठे लिहून घेतात?"

मॅडमनी माझ्या वकीलबाईंकडे बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी तुझ्या केसचा नंबर मागितला. तुझं अपील मुंबईला हायकोर्टात पडून आहे, तिथे प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल म्हणाल्या. लगेच सुटशील असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. मंगळवारी मी, मावशी आणि वस्तीवरची ती चहापत्तीवाली शेजारीण, अशा तिघी सह्या करायला जातोय. तिला मी काहीच समजावलं नाही. तुझं वेणीचं पत्र मी जाळलं होतं, पण मला ते पाठ होतं. तेवढं तिला म्हणून दाखवलं. तिने दाराची कडी घट्ट धरली आणि म्हणाली, "मी चहापत्ती घेऊन गेले गं. मी चहापत्ती घेऊन गेले."

तुझी
निकी